राणीछाप रुपयाचे किती येतील?

लक्ष्मीपूजन झालं की पुढचा आठवडाभर माझ्या फोनवर नाण्यांचे फोटो येत राहतात. ताम्हनात ओळीने मांडलेले रुपये, शेजारी विड्याचं पान, एखाद्या नाण्याच्या कपाळी कुंकू. खाली एकच प्रश्न : "काका, राणीछाप आहे. किती येतील?" फोटोतला रुपया लख्ख चकाकत असतो आणि तो तसा चकाकताना पाहिला की माझ्या पोटात गोळा येतो. म्हणजे यंदाही पूजेच्या आदल्या दिवशी कुणीतरी तो चिंच-मीठ लावून घासला.

म्हणून 'किती येतील'चं उत्तर देण्याआधी हेच सांगून टाकतो : जुनं नाणं घासू नका. चिंच नको, लिंबू नको, राख-रांगोळी नको, दंतमंजन नको, भांड्यांची पावडर तर मुळीच नको. चांदीवर वर्षानुवर्षांत चढलेली काळपट-निळसर झाक आणि तांब्यावरचा चॉकलेटी रंग हा मळ नसतो. नाण्याचा पृष्ठभागच हवेशी बोलत बोलत तसा झालेला असतो, आणि संग्राहक त्याचेच पैसे मोजतो. घासताना त्या थराबरोबर उठावाच्या भागावरचा धातूही जातो. राणीच्या केसांच्या बटा आधी बुजतात, मग मुकुटाचे मणी. भिंगाखाली धरलं की एका दिशेने गेलेले शेकडो बारीक ओरखडे दिसतात. असं नाणं मी स्वतः निम्म्या किमतीलाही घेत नाही.

हे मला कुणी शिकवलं नाही. हात पोळून कळलं. शाळेत असताना आजोळी माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात मला एक शिवराई मिळाली होती. मी तिला विहिरीवर नेऊन रांगोळी आणि चिंचेने अर्धा तास घासली. नव्या बंबासारखी लालभडक झाली, मी खूश. त्या नाण्याच्या कडेला ठिपक्यांचं एक वर्तुळ होतं, ते जवळजवळ सपाट झालं. त्या ठिपक्यांना काय महत्त्व असतं ते बऱ्याच वर्षांनी कळलं. पुढे ओघात सांगेन. ती शिवराई अजून माझ्याकडे आहे. मुद्दाम ठेवली आहे.

माती चिकटलेली असेल तर नाणं रात्रभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये, म्हणजे गाडीच्या बॅटरीत घालतात त्या पाण्यात, बुडवून ठेवा आणि मऊ सुती कापडाने टिपून घ्या. टिपून, पुसून नव्हे. एवढ्याने जे जात नाही ते जाऊ देऊ नका.

आता वयाचा भ्रम. 'आमच्याकडचं नाणं दीडशे वर्षांचं आहे' असं लोक ज्या आवाजात सांगतात, त्यावरून त्यांच्या मनातला आकडा ओळखता येतो. पण वय आणि किंमत यांचा संबंध फार पातळ आहे. सातवाहनांची, हत्ती असलेली पोटीन या मिश्रधातूची नाणी अठराशे-दोन हजार वर्षांपूर्वीची. त्यांतली साधी, झिजलेली नाणी आजही काही शे रुपयांत मिळतात. उलट १९३९ सालचा एक चांदीचा रुपया, जो तुमच्या पणजोबांनी खिशात वागवला असेल, तो त्याच राजाच्या आगल्यामागल्या रुपयांच्या कित्येक पट भावाने जातो.

फरक पडतो तो तीन गोष्टींनी. नाणी उरली किती, उरलेली कशा स्थितीत आहेत आणि ती हवी असणारी माणसं किती. नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला १९०६ मध्ये एक हंडा सापडला. त्यात क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी होती आणि त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. शत्रूच्या चेहऱ्यावर स्वतःचा शिक्का! इतिहासाच्या दृष्टीने या नाण्यांना तोड नाही. पण एका हंड्यात इतकी निघाली की तो प्रकार 'कुणाकडेच नाही' अशातला राहत नाही. इतिहासातलं मोल आणि बाजारातला भाव ही दोन वेगळी खाती आहेत. त्यांची बेरीज करू नका.

नाणं हातात घेऊन बसायचं तर सामान फार लागत नाही. ग्रॅमचे दोन दशांश दाखवणारा छोटा वजनकाटा, दहापट मोठं दाखवणारं भिंग (घड्याळजीकडे किंवा सराफाकडे असतं तसलं), एक लोहचुंबक, मोजपट्टी आणि खिडकीतला उजेड. खाली टॉवेल पसरा, म्हणजे हातातून निसटलं तरी नाण्याला खोक पडणार नाही. आणि नाणं कडेने धरा. बोटांच्या घामाचे ठसे काही दिवसांनी चांदीवर कायमचे उमटतात.

घरांमध्ये सर्वांत जास्त असतो तो ब्रिटिश अमलातला चांदीचा रुपया, म्हणून तो जरा सविस्तर पाहू. १८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या सगळ्या मुलखासाठी एकच रुपया सुरू केला. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम; चांदी बारा भागांत अकरा. ११.६६ हा आकडा ओळखीचा वाटला असेल. जुना तोळा तो हाच. बंदा रुपया तराजूत टाकला की तोळाभर वजन झालं, असा हिशोब आपल्या आज्या-पणज्या करत. या एका रुपयात शुद्ध चांदी भरते सुमारे १०.६९ ग्रॅम. त्या दिवशीच्या चांदीच्या भावाने याला गुणलंत की तुमच्या राणीछाप रुपयाची तळाची किंमत निघते. कुणीही, कितीही गोड बोलून, याच्या खाली मागितलं तर हात जोडून उठा. या तळाच्या वर किती, हाच खरा प्रश्न; आणि बहुतेक घरांतल्या बहुतेक रुपयांचं उत्तर 'फारसं नाही' असंच असतं. वाईट वाटून घेऊ नका, चांदी कुठे जात नाही.

आता एकेक राजा. १८३५चा चौथ्या विल्यमचा रुपया हा नव्या मालिकेतला पहिला, म्हणून त्याला मागणी कायम. राजाच्या मानेचा काप जिथे संपतो तिथे भिंग लावा. टांकसाळीच्या अधिकाऱ्यांची आद्याक्षरं, आर. एस. किंवा एफ., दिसतात का पाहा. व्हिक्टोरियाचे १८४० तारखेचे रुपये मात्र भरपूर सापडतात, कारण तीच तारीख कायम ठेवून पुढची वीसेक वर्षं टांकसाळ ते पाडत राहिली. त्यांचे दोन प्रकार : एकात राणीभोवतीचा मजकूर सलग फिरतो, दुसऱ्यात डोक्याच्या दोन बाजूंना तुटलेला असतो. १८६२पासून कंपनीचं नाव गेलं आणि 'इंडिया' आलं. इथेही तारखेची तीच गंमत. १८६२ हा आकडा १८७४पर्यंत गोठलेला राहिला. मात्र मुंबईच्या टांकसाळीने या नाण्यांवर तारखेच्या वर-खाली बारीक ठिपके द्यायला सुरुवात केली आणि त्या ठिपक्यांवरून नाणं नेमकं कुठल्या वर्षी पाडलं ते काढता येतं. दोन रुपये बाहेरून जुळे, तारीख एकच. ठिपके मोजल्यावर एक चांदीच्या भावाचा आणि दुसरा संग्राहकाची झोप उडवणारा. मुंबईचं १८६२चं नाणं भिंगाशिवाय विकू नका.

१८७७पासून राणीची सम्राज्ञी झाली, तशी नाण्यावरची अक्षरं बदलली. त्यानंतर डोक्यावर मुकुट नसलेला सातवा एडवर्ड, १९०३ ते १९१०. याचे झिजलेले रुपये सर्वत्र मिळतात. केसांची प्रत्येक रेघ दिसणारे फार कमी, कारण ती छाप लवकर झिजते. इथे पैसे स्थितीचे आहेत.

मग येतो पाचवा जॉर्ज आणि १९११ची ती प्रसिद्ध फजिती. राजाच्या अंगरख्यावर जी साखळी आहे तिच्यात एक हत्ती कोरलेला होता. कोरणाऱ्याने त्याची सोंड इतकी आखूड आणि पाय इतके बुटके केले की तो हत्ती न दिसता डुक्कर दिसू लागला. लोक बिथरले, विशेषतः मुस्लिम समाजात संताप झाला. सरकारने वाटप थांबवून बहुतेक नाणी वितळवली आणि १९१२पासून सोंड-कान नीट दिसणारा हत्ती बसवला. तुमच्याकडे १९११चा रुपया असेल तर राजाच्या छातीवर भिंग धरा आणि ते जनावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. संग्राहक याला सरळ 'डुक्करछाप' म्हणतात आणि तो हाती आला की सोडत नाहीत.

१९१७ ते १९२०चे रुपये मात्र ढिगाने आहेत. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून माल आणि सैन्य इतकं बाहेर गेलं की रुपयाची टंचाई झाली. १९१८ मध्ये अमेरिकेने कायदा करून आपले पंचवीस कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले आणि ती चांदी ब्रिटनला विकली, ती या रुपयांसाठी. तेव्हा तुमच्या देव्हाऱ्यातल्या १९१९च्या रुपयात एखाद्या अमेरिकन डॉलरचा अंश असण्याची शक्यता बरीच आहे. किंमत तेवढ्याने वाढत नाही. पण पूजा करताना आठवायला मजा येते.

सहाव्या जॉर्जच्या रुपयांत लोकांना एकच तारीख ठाऊक असते : १९३९. हा रुपया मुंबईच्या टांकसाळीत पाडला गेला, पण व्यवहारात उतरला फार थोडा. युद्ध सुरू झालं, चांदी महागली आणि १९४०पासून रुपयातली चांदी अकरा-बारांशावरून निम्म्यावर आणली गेली. जुन्या कसाचे १९३९चे बहुतेक रुपये मुशीत गेले. जे उरले त्यांच्यामागे गेली कित्येक दशकं संग्राहक लागले आहेत आणि संग्राहकांच्या मागे नकली माल करणारे. तुमच्याकडे १९३९चा 'रुपया' निघाला तर आनंदाआधी संशय धरा. पहिलं, तो रुपयाच आहे ना? त्याच सालच्या अधेल्या-पावल्यांना हा मान नाही. दुसरं, वजन ११.६६च्या जवळ आहे ना? तिसरं, कड बघा. १९४०नंतरच्या निम्म्या चांदीच्या रुपयांच्या कडेला दात्यांच्या मधोमध एक खाच फिरवलेली असते, बनावटीला आळा घालायला. अस्सल १९३९च्या कडेला नुसते उभे दाते हवेत. खाच दिसली की विषय संपला. चौथं, शेवटचा नऊ. १९३८च्या आठाचा कोरून नऊ केलेली नाणी बाजारात फिरतात. नऊच्या खालच्या बाजूला धातू खरवडल्यासारखा, वेगळ्या रंगाचा दिसतो. आणि कडेला मधूनच शिवणीसारखी रेघ असेल किंवा पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे असतील, तर ते ओतीव नाणं आहे. टांकसाळीचं नाणं दाबून पाडलेलं असतं, ओतलेलं नसतं.

१९४० ते १९४५च्या रुपयांत शुद्ध चांदी फक्त ५.८३ ग्रॅम. मोडीत घालताना हे लक्षात ठेवा, नाहीतर सराफाशी विनाकारण भांडण होतं. १९४७चा वाघाचा रुपया तर निकेलचा आहे, चुंबकाला चिकटतो. 'स्वातंत्र्याच्या सालचा' म्हणून लोक तो जपून ठेवतात, ते ठीकच. पण लाखोंनी जपून ठेवलेली गोष्ट दुर्मीळ कशी होणार? १९४३ ते १९४७च्या भोकाच्या पैशाचंही तेच.

मराठवाड्यातल्या घरांत निजामाचा हाली सिक्का निघतो, चारमिनारचा. त्यात चांदी सुमारे ८२ टक्के आणि वजनही थोडं कमी, तेव्हा तळाची किंमत वेगळी काढा. मीर उस्मान अली खानाच्या रुपयावर चारमिनारच्या कमानीत 'ऐन' हे अक्षर असतं. सुरुवातीच्या नाण्यांवर ते अपुरं कोरलेलं आहे आणि संग्राहकाची नजर आधी तिथेच जाते. गोव्याच्या घरांत १८८१-८२चा लुईश राजाचा पोर्तुगीज 'रुपिया' सापडतो, आकाराने आणि कसाने इंग्रजी रुपयासारखाच. तो चुकून राणीछापाच्या ढिगात विकला जातो, हे मी एकाहून जास्त वेळा पाहिलं आहे.

आता शिवराई. १६७४ च्या राज्याभिषेकाशी जोडलेलं हे तांब्याचं नाणं. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', तेही नागरीत. आजूबाजूला सगळी फारसी नाणी चालत असताना. हातानं ठोकून पाडलेली असल्यामुळे वजन एकसारखं नसतं, साधारण ११ ते १३ ग्रॅम. छाप मध्यावर बसलेली क्वचित, त्यामुळे पूर्ण मजकूर असलेली शिवराई चढ्या भावाने जाते. पण सगळ्या शिवराया महाराजांच्या काळातल्या नाहीत. ही नाणी पेशवाईत आणि त्यानंतरही त्याच नावाने पाडली गेली आणि दख्खनच्या बाजारात एकोणिसाव्या शतकात खोलवर चालत राहिली. मजकुराच्या ओळींमध्ये दोन आडव्या दांड्या असलेली 'दुदांडी' ही उशिराची. तीच सर्वांत जास्त सापडते आणि स्वस्तही तीच. आधीच्या नाण्यांवर कडेने ठिपक्यांचं वर्तुळ रेखलेलं असतं. होय, मी विहिरीवर घासून काढलं ते हेच. 'शिव', 'सिव', 'शीव' असे लेखनातले फरकही अभ्यासक वेगवेगळे मोजतात. तेव्हा शिवराई विकायच्या आधी तिचा प्रत्येक वेलांटी-मात्रेसकट मोठा फोटो काढा आणि जाणकाराला दाखवा.

सोन्याचा शिवकालीन होन ही वेगळीच गोष्ट. जेमतेम पावणेतीन ग्रॅमच्या आसपास वजन, अस्सल ठरलेले इतके मोजके की प्रत्येकाची चर्चा होते. 'घरात होन आहे' म्हणणाऱ्यांपैकी जवळजवळ सगळ्यांकडे स्मरणिका असते, एखाद्या समारंभात किंवा गडावर विकत मिळालेली. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त तिच्यावर कर्ज काढू नका.

दागिन्यातली नाणी हा आणखी एक गोड गैरसमज. पुतळ्यांच्या माळेतली 'पुतळी' मुळात व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्याची नक्कल. आपल्या सोनारांनी ती पिढ्यान्‌पिढ्या घडवली. अस्सल व्हेनिसचं नाणं माळेत सापडू शकतं, पण त्याला कडी लावण्यासाठी टाका दिलेला असतो. टाका लागला, भोक पडलं की संग्राहकाच्या लेखी ते नाणं जखमी. पुतळीची माळ माळ म्हणूनच ठेवा, सुनेला द्या. कड्या तोडून नाणी सुटी करू नका.

स्वातंत्र्यानंतरच्या नाण्यांबद्दल थोडक्यात, कारण सांगण्यासारखं थोडंच आहे. १९५७ ते १९६३चा 'नया पैसा', १९६४चं नेहरूंचं नाणं, विसाचं पितळी कमळ, दहाची कातर कड, ही सगळी कोट्यवधी निघाली. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११पासून चलनातून गेली, म्हणून ती महाग झाली असंही नाही. अपवाद दोन. १९६९चं गांधीजींचं दहा रुपयांचं नाणं आणि त्यापुढची काही स्मारक नाणी चांदीची आहेत (गांधीजींच्या नाण्यात १५ ग्रॅमपैकी ८० टक्के), तेव्हा ती चिल्लरच्या डब्यातून बाजूला काढा. दुसरा अपवाद टांकसाळीच्या चुकांचा. छाप अर्धी घसरलेली, किंवा एकाच बाजूची छाप दुसऱ्या बाजूला उलटी आणि खोलगट उमटलेली, ज्याला आपल्याकडचे संग्राहक 'लखी' म्हणतात, अशा नाण्यांना गिऱ्हाईक आहे. तारखेखालच्या खुणाही ओळखायला शिका : चौकट म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, गोल ठिपका म्हणजे नोएडा, काहीच नसलं तर कोलकाता. मुलांना सुट्टीत हा उद्योग द्या. खर्च शून्य आणि हिशोबाची नाणी घरातच असतात.

इथे फसवणुकीकडे वळावं लागतं, आणि या विषयावर मला राग आवरत नाही. वैष्णोदेवीची छाप असलेली पाच आणि दहा रुपयांची नाणी २०१२ मध्ये निघाली, भरपूर निघाली. त्या पाच रुपयांच्या नाण्याचे दहा लाख मिळतात असा व्हिडिओ पाहून माणसं नंबर फिरवतात. पलीकडचा माणूस सभ्य बोलतो, नाण्याचा फोटो मागतो, 'मंजूर' करतो आणि मग सुरू होतं : नोंदणीचे नऊशे, जीएसटीचे साडेचार हजार, रिझर्व्ह बँकेच्या परवानगीचे बारा हजार. बँकेचं बनावट बोधचिन्ह असलेलं पत्रही येतं. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीरपणे बजावलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या खरेदी-विक्रीशी आपला काही संबंध नाही आणि बँक कुणाकडूनही त्यासाठी शुल्क किंवा कमिशन मागत नाही. एक साधी खूणगाठ बांधा. खरं गिऱ्हाईक पैसे देतं, मागत नाही.

दुसरा प्रकार राम दरबाराच्या नाण्याचा. एका बाजूला राम-सीता-लक्ष्मण-हनुमान, दुसऱ्या बाजूला 'ईस्ट इंडिया कंपनी' आणि १८१८, कधी १७१७, कधी १६१६ असं साल. कंपनीने अशी नाणी कधीही पाडली नाहीत. हे देवस्थानांबाहेर विकले जाणारे पितळ-तांब्याचे टोकन. जुनाट दिसावेत म्हणून काळे केलेले. श्रद्धेने देव्हाऱ्यात ठेवा, पण त्यासाठी अर्धा गुंठाही विकू नका. आणि 'राइस पुलर', म्हणजे तांदूळ ओढून घेणारं, वीज पडलेलं, कसल्याशा दुर्मीळ धातूचं नाणं! त्याच्या नावाने चांगल्या शिकलेल्या माणसांनी लाखो रुपये घालवले आहेत. तांदूळ ओढणारं नाणं जगात नाही.

कायद्याचं नीट ऐका. शेतात नांगरताना, जुनं घर पाडताना जमिनीत नाणी सापडली तर ती परस्पर वाटून घेता येत नाहीत. १८७८चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. कळवलं तर सापडवणाऱ्याला हक्काचा वाटा मिळण्याची सोय त्याच कायद्यात आहे. लपवलं तर गुन्हा. सराफाकडे गुपचूप वितळवलेल्या हंड्यांबरोबर किती राजांची नावं गेली, त्याचा हिशोब कुणाकडेच नाही. दुसरा कायदा १९७२चा पुरावस्तूंविषयीचा. शंभर वर्षं झालेलं नाणं पुरावस्तू ठरतं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतला मुलगा दिवाळीला आला आणि आजीने प्रेमाने त्याच्या बॅगेत दोन राणीछाप टाकले, तरी हा कायदा लागतो. घरात ठेवा, फोटो पाठवा. नाणं पुरावस्तू आहे की नाही याबद्दल शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व खात्याकडून दाखला मिळवता येतो.

विकायचंच ठरवलं असेल तर घाई टाळा. आधी प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो, वजन, साल, खूण वहीत लिहा. मग मोठ्या लिलाव संस्थांच्या जुन्या याद्या इंटरनेटवर उघडा. तिथे 'अपेक्षित किंमत' बघू नका, प्रत्यक्षात विकलं गेलं तो आकडा बघा. आणि त्याच स्थितीतल्या नाण्याचा. लखलखीत नाण्याला मिळालेला भाव तुमच्या झिजलेल्या नाण्याला लावणं म्हणजे फ्लॅटच्या भावाने गोठा विकायला काढण्यासारखं आहे. शिवाय लिलावात विकणाऱ्याकडून आणि घेणाऱ्याकडून दोन्हीकडून कमिशन जातं. निदान तीन ठिकाणी दाखवा, त्यांतलं एक तरी नाणी-प्रदर्शन असू द्या. मुंबई-पुण्यात ती वर्षातून भरतातच. सराफाकडे सर्वांत शेवटी जा. सराफ वाईट असतो म्हणून नव्हे, तो फक्त धातू पाहतो. महागड्या नाण्यासाठी एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी पारखणाऱ्या संस्थांकडून ते पारखून सीलबंद करून घेता येतं. मात्र असं सीलबंद नाणं विकत घेताना त्यावरचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा, कारण नाण्याबरोबर डब्यांच्याही नकला निघाल्या आहेत. दोन-तीन हजारांच्या नाण्यासाठी हा खटाटोप करू नका, खर्चच जास्त होईल.

शिकायचं असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला परमेश्वरीलाल गुप्त यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली नाणकशास्त्र संशोधन संस्था आहे; त्र्यंबकेश्वरला जाताना वाट वाकडी करावी लागत नाही. मुंबईत फोर्ट भागात रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आहे, २००४ मध्ये सुरू झालेलं. तिथे काचेआडची शंभर नाणी बघितलीत की बनावट नाणं हाताला आपोआप परकं वाटू लागतं. पुस्तकातून ते येत नाही.

आणि ठेवायचं असेल तर कसं? शाळेच्या वह्यांना घालतात तसल्या मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात नको. ते काही वर्षांत चिकट होतं आणि नाण्यावर हिरवा राप चढवतं. लाकडी पेटीत सुटी नकोत, एकमेकांवर आपटतात. कागदी पुठ्ठ्याच्या चौकटीत किंवा कडक पारदर्शक डबीत एकेक ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी. कोकणात राहत असाल तर दोन, आणि पावसाळ्यानंतर बदला. डबीवर चिठ्ठी लावा : कुणाचं, कुठून आलं, घरात कधीपासून. 'पणजीच्या लग्नातला आहेर, सावंतवाडी' अशी एक ओळ असलेला साधा रुपयाही घरातल्यांना विकवत नाही.

पुढच्या लक्ष्मीपूजनाला एवढं करा. नाणं डबीतच राहू द्या, हळदकुंकू डबीच्या झाकणाला लावा आणि पंचामृताचा चमचा ताम्हनातल्या सुपारीवर रिकामा करा.